आधी नाक, मग दात

माझा मुलगा पाच-सहा वर्षांचा असल्यापासून तोंड उघडं टाकून झोपायचा. सकाळी उशी ओली, ओठ फुटलेले, रात्रभर घोरणं. सासूबाई म्हणायच्या, "पोऱ्या तोंड वासीसन झोपस, त्यानं नाक दखाड डाक्टरले." मी मनावर घेतलं नाही. आमच्या रावेरकडे मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो, उकाड्यानं होत असेल असंच वाटायचं. ती दोन वर्षं मी घालवली, याचं मला आजही वाईट वाटतं.

आठव्या वर्षी वरचे पुढचे दात एकमेकांवर चढलेले दिसले. पहिल्या दवाखान्यात "बाराव्या वर्षी तारा लावू" एवढंच सांगितलं. जळगावच्या ऑर्थोडॉन्टिस्ट (वाकडे दात आणि जबडा सरळ करणाऱ्या) मॅडमनी मात्र आधी त्याला दात दाखवायलाच सांगितलं नाही. "बाळा, ओठ मीट आणि नाकानं श्वास घे." अर्ध्या मिनिटात त्याचं तोंड उघडलं.

मग त्यांनी मला समजावलं. जीभ एरवी टाळूला टेकलेली असते. गाल बाहेरून दाबतात, जीभ आतून, आणि वरचा जबडा या दोघांमध्ये रुंद होतो. नाक बंद असलं की श्वासासाठी जीभ खाली उतरते आणि आतला आधार जातो. गिळतानाचा दाब क्षणाचा असतो. हलकाच पण तासन्‌तास राहणारा दाब दात सरकवतो. माझ्या मुलाची टाळू अरुंद आणि खोल झाली होती, वरच्या दाढा खालच्या दाढांच्या आत बसत होत्या. "घराण्याची ठेवणही असतेच ताई, सगळं नाकावर ढकलू नका," हेही त्या बोलल्या.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे एक्स-रेत अ‍ॅडेनॉइड, म्हणजे नाकाच्या मागच्या गाठी, वाढलेले निघाले. नाकातल्या स्प्रेनं फार फरक पडला नाही, म्हणून ऑपरेशन झालं. घोरणं थांबलं. तोंड मात्र सवयीनं उघडंच.

पुढे टाळूत एक्सपांडर, म्हणजे वरचा जबडा रुंद करणारं स्क्रूचं यंत्र, बसवला. रोज रात्री टॉर्च लावून मी स्क्रूच्या बारीक भोकात चावी घालायची आणि मागे ढकलायची. एका वळणाला पाव मिलिमीटर. चावी घशात जाऊ नये म्हणून तिला दोरा बांधून तो बोटाला गुंडाळायचा. आठवड्याभरात पुढच्या दोन दातांमध्ये फट पडली, मी घाबरून फोन केला. "हेच हवंय, टाळूचा सांधा उघडतोय," मॅडम म्हणाल्या. हा सांधा मोठेपणी घट्ट होतो, म्हणून वयाला इतकं महत्त्व. वळणं तीन आठवड्यांत संपली, पण हाड भरेपर्यंत यंत्र आणखी सहा महिने तोंडात राहिलं.

ते काढल्यावर खरी मेहनत जिभेची. वरच्या दातांमागच्या खडबडीत भागावर टोक, बाकी जीभ टाळूला चिकटलेली, ओठ मिटलेले. जीभ टाळूला चिकटवून "टॉक" करून सोडायची, हे त्याला जमेना. सासऱ्यांनी त्याला ओट्यावर बसवलं आणि बैल हाकताना काढतात तो आवाज काढून दाखवला. दोघं संध्याकाळभर टॉक-टॉक करत बसले. तेव्हापासून कधी आठवण करावी लागली नाही.

नुसत्या जिभेच्या व्यायामानं जबडा रुंद होतो असं मोबाइलवर सांगतात. मॅडमनी त्याला स्पष्ट नकार दिला. आता रात्री त्याचे ओठ मिटलेले असतात. सर्दी झाली की पहिल्याच दिवशी आम्ही नाकाकडे बघतो. पक्क्या सुळ्यांना जागा झाली का, ते दिवाळीनंतरच्या एक्स-रेत दिसेल.