हातात मावणारा स्वस्त फोन : तीन महिन्यांच्या वापरानंतर

गेले तीन महिने मी एक लहान आणि स्वस्त फोन रोजच्या सगळ्या कामांसाठी वापरते आहे. आधीचा मोठा फोन बिघडलेला नव्हता. पण तो करंगळीवर तोलून अंगठा वरच्या कोपऱ्यापर्यंत ताणता ताणता अंगठ्याचे मूळ दुखू लागले होते, आणि चार दिवस फोन कमी हाताळला की ते दुखणे आपोआप उतरत असे. म्हणून हातात नीट मावेल असा फोन शोधायला लागले, आणि तो पारखण्याचे माझे निकष या तीन महिन्यांत बरेच बदलले.

पहिली गोष्ट आकाराची. फोनचा आकार आपण पडद्याच्या कर्णावरून मोजतो, आणि तिथेच फसगत होते. २०११ साली सॅमसंगचा गॅलेक्सी नोट ५.३ इंची पडदा घेऊन आला तेव्हा तो अवाढव्य वाटला होता, आणि ८३ मिलिमीटर रुंदीमुळे तो खरोखरच तसा होता. आज ५.३ इंच हा आकडा लहान फोनचा वाटतो, कारण मधल्या काळात पडदे उभट आणि अरुंद होत गेले. ५.५ इंच कर्णाचा जुन्या १६:९ प्रमाणातला (उंची १६ तर रुंदी ९) पडदा सुमारे ६८.५ मिलिमीटर रुंद असतो, तर ६.५ इंच कर्णाचा २०:९ प्रमाणातला पडदा सुमारे ६८ मिलिमीटर. कर्णात एका इंचाचा फरक आणि रुंदी जवळजवळ तीच! मुठीत फोन मावतो की नाही हे रुंदी ठरवते. अंगठा वरपर्यंत पोहोचतो की नाही हे उंची ठरवते. त्यामुळे कर्णाचा आकडा बाजूला ठेवून फोनच्या संपूर्ण अंगाची रुंदी, उंची आणि वजन हे तीनच आकडे आधी पाहावेत, असे मी आता कोणालाही सांगेन. माझ्या फोनचा पडदा ५.४५ इंची, १८:९ प्रमाणातला आहे, कडांसह त्याची रुंदी ६८ मिलिमीटर भरते आणि वजन १४६ ग्रॅम. आधीचा फोन ७६ मिलिमीटर रुंद आणि २०० ग्रॅमहून जड होता. आठ मिलिमीटर कागदावर क्षुल्लक दिसतात, पण हाताला हा फरक पहिल्याच दिवशी कळला.

लहान पडद्याचा एक फायदा फारसा कोणी सांगत नाही. स्वस्त फोनांत ७२० बिंदूंच्या रुंदीचा पडदा सर्रास असतो. तेवढेच बिंदू मोठ्या पडद्यावर पसरले की अक्षरे फिसकटलेली दिसतात, आणि लहान पडद्यावर एकवटले की ठसठशीत होतात. माझ्या पडद्यावर एका इंचात सुमारे २९५ बिंदू बसतात, तर ६.५ इंची पडद्यावर ७२० × १६०० बिंदू असतील तर जेमतेम २७०. देवनागरी वाचणाऱ्याला हे महत्त्वाचे आहे, कारण आपल्या लिपीत रेषेच्या वर रफार आणि मात्रा, खाली उकार आणि जोडाक्षरांची शेपटे अशी दाटी असते. ‘द्ध’ आणि ‘द्व’ यांतला फरक बारीक अक्षरात चटकन कळला नाही तर वाचताना डोळा अडखळतो. अक्षर मोठे केले तर मात्र एका ओळीत चारपाच शब्दच मावतात आणि सतत पान सरकवत राहावे लागते. ज्यांना मोठ्या अक्षरांशिवाय वाचता येत नाही, त्यांनी स्वस्ताईसाठी किंवा हलकेपणासाठी लहान फोन घेऊ नये, हे मी स्पष्टच सांगते.

टंकलेखनाचेही तसेच. देवनागरी कळफलकावर इंग्रजीपेक्षा जास्त कळी लागतात आणि अरुंद पडद्यावर त्या आणखी बारीक होतात. पहिले दोन आठवडे ऱ्हस्वाच्या जागी दीर्घ आणि दीर्घाच्या जागी ऱ्हस्व पडत राहिले. नंतर हात बसला. मोठा मजकूर मात्र मी आजही फोन आडवा धरूनच लिहिते.

आता वेगाविषयी, कारण स्वस्त फोनची खरी परीक्षा इथे होते. जाहिरातीत प्रोसेसरचे आठ कोअर (म्हणजे आकडेमोड करणारे त्याचे भाग) आणि मेमरीचे आकडे ठळक छापलेले असतात. पण आठही कोअर २०१२ साली जाहीर झालेल्या कॉर्टेक्स-ए५३ या लहान जातीचे असतील, तर ते आठ असण्याचा रोजच्या वापरात फारसा उपयोग होत नाही. सहा लहान कोअरांच्या जोडीला दोन दमदार कोअर असलेला फोन त्याच्यापेक्षा कितीतरी चपळ चालतो. त्याहूनही दुर्लक्षित राहते ती साठवणुकीची जात. ६४ जीबी एवढेच पाहून आपण पुढे जातो, पण ती ई-एमएमसी या जुन्या, संथ प्रकारची आहे की यूएफएस या नव्या, वेगवान प्रकारची, हे विचारायला हवे. ई-एमएमसी ५.१ ची कमाल मर्यादा सेकंदाला सुमारे ४०० मेगाबाइटची, तर यूएफएस २.२ ची सुमारे १२०० मेगाबाइटची. प्रत्यक्षात दोन्ही या मर्यादेपेक्षा कमीच वेग देतात, परंतु मुख्य फरक वेगळाच आहे : ई-एमएमसीत एका वेळी वाचन तरी होते किंवा लेखन तरी, यूएफएसमध्ये दोन्ही एकाच वेळी चालू शकतात. माझ्या फोनात ई-एमएमसी असल्याने याचा अनुभव मला रोज येतो. मागे एखादे अॅप अद्ययावत होत असले, म्हणजे साठवणुकीवर लिहिणे चालू असले, की समोर उघडलेले साधे संदेशांचे पानही अडकत अडकत सरकते. ते काम संपले की फोन पुन्हा सरळ चालू लागतो. म्हणून मी आपोआप होणारी अद्यतने बंद केली, ती रात्री चार्जिंगला लावल्यावर स्वतः सुरू करते, आणि साठवणुकीचा निदान पाचवा हिस्सा रिकामा ठेवते, कारण जागा भरत आली की लिहिण्यासाठी मोकळे कप्पे तयार करण्यातच फोनचा वेळ जातो आणि तो आणखी मंदावतो. मेमरी ‘आभासी’ पद्धतीने वाढवून देणारी सोय मी पहिल्याच आठवड्यात बंद केली. ती मेमरी शेवटी याच संथ साठवणुकीतून उसनी घेतलेली असते.

बॅटरी ३००० एमएएचची आहे (एमएएच हे बॅटरीच्या क्षमतेचे माप). लहान अंगात मोठी बॅटरी बसत नाही, ही लहान फोनची अंगभूत अडचण; पण पडदा लहान असल्याने त्याच्या प्रकाशावर होणारा खर्चही कमी असतो. सकाळी सहाला पूर्ण भरलेला फोन बोलणे, संदेश, थोडे वाचन आणि तासभर गाणी एवढ्या वापरात रात्री दहापर्यंत पुरतो. नेटवर्क क्षीण असलेल्या ठिकाणी दिवस गेला तर संध्याकाळीच संपतो, कारण मोबाइलच्या मनोऱ्याशी संपर्क टिकवायला फोनला अधिक जोर लावावा लागतो. माझी चिंता आजच्या दिवसापेक्षा दोन वर्षांनंतरची आहे. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून लागू केलेल्या नियमांत ८०० चार्जिंग-चक्रांनंतरही (म्हणजे ८०० वेळा पूर्ण भरून वापरल्यावरही) बॅटरीची किमान ८० टक्के क्षमता उरावी असे बंधन आहे. पाच हजार एमएएचची बॅटरी ८० टक्क्यांवर आली तरी चार हजार उरतात; तीन हजार एमएएचची मात्र २४०० वर येते, आणि मग दिवस निभत नाही. बॅटरी बदलून मिळते का, हा प्रश्न म्हणूनच लहान फोनच्या बाबतीत खरेदीआधीच विचारावा.

आणि आता सेन्सरांविषयी. या फोनने सर्वांत जास्त मनस्ताप दिला तो इथे, आणि विकत घेताना याकडे माझे अजिबात लक्ष गेले नव्हते. फोन कानाला लावला की पडदा विझावा यासाठी जो सेन्सर असतो, तो या फोनात प्रत्यक्ष बसवलेलाच नाही. फोनची हालचाल आणि पडद्यावरचा स्पर्श यांवरून सॉफ्टवेअर अंदाज बांधते. अंदाज चुकला की बोलता बोलता पडदा उजळतो आणि गालाच्या स्पर्शाने आवाज बंद होतो. एकदा एका नातेवाइकाच्या आजारपणाविषयी बोलत असताना असे झाले, आणि समोरच्याला वाटले की मी ऐकून गप्प राहिले. त्या प्रसंगानंतर मी महत्त्वाचे बोलणे वायरच्या हेडफोननेच करते. दुसरी उणीव होकायंत्राची. चुंबकीय सेन्सर नसल्यामुळे नकाशावर मी कुठे उभी आहे हे दिसते, पण माझे तोंड कोणत्या दिशेला आहे हे फोनला कळत नाही. फोनचे वळणे-कलणे मोजणारा जायरोस्कोपही नाही, त्यामुळे चालता चालता घेतलेले चित्रण हलते. या तिन्ही गोष्टी दुकानात पाच मिनिटांत तपासता येतात : एक फोन लावून वरच्या कडेवर बोट ठेवावे आणि पडदा विझतो का पाहावे, नकाशा उघडून जागच्या जागी वळावे, आणि तांत्रिक माहितीच्या तक्त्यात सेन्सरांची ओळ शेवटपर्यंत वाचावी.

कॅमेऱ्याविषयी थोडक्यात : उजेडात घेतलेली कागदपत्रांची छायाचित्रे स्वच्छ येतात, दिवेलागणीनंतर माणसांचे चेहरे पुसट होतात. मुख्य कॅमेऱ्याशेजारची दोन मेगापिक्सेलची भिंगे नसती तरी काही बिघडले नसते.

अँड्रॉइडच्या सुरक्षा दुरुस्त्या ऑगस्ट २०१५ पासून नियमितपणे जाहीर होतात, परंतु स्वस्त फोनांपर्यंत त्या सावकाश पोहोचतात किंवा पोहोचतच नाहीत. सेटिंग्जमध्ये शेवटच्या सुरक्षा दुरुस्तीची तारीख लिहिलेली असते. माझ्या फोनावर ती घेतला त्या दिवशी पाच महिने जुनी होती आणि आजवर एकदाच पुढे सरकली आहे. ज्या फोनवरून पैशांचे व्यवहार करायचे, त्याच्या बाबतीत मला हे पटत नाही. तूर्त मी बँकेचे अॅप यावर ठेवलेले नाही. ते जुन्या फोनवरच आहे, आणि एका फोनमध्ये सगळे भागावे ही माझी मूळ अपेक्षा त्यामुळे अपुरी राहिली आहे.

तरीही हा फोन मी ठेवते आहे. अंगठ्याचे दुखणे दुसऱ्या महिन्यात थांबले आणि पुन्हा आलेले नाही. अनोळखी ठिकाणी रस्ता शोधताना मात्र कोणत्याही एका दिशेने पंधरावीस पावले चालते, नकाशावरचा ठिपका कुठे सरकतो ते पाहते, आणि गरज पडली तर मागे वळते.