हँडल कुठं जड जातं?

बारापैकी पहिले चार बोल्ट अंगठ्यानं दाबले तसे आत गेले. पाचवा तोंडाशीच अडला. सहावा, सातवा, बारावा, सगळे अडले. मी चारही बोल्ट काढले, फ्लँज, म्हणजे कपलिंगची भोकं असलेली चकती, थोडी हलवली आणि पाचव्या भोकापासून सुरुवात केली. आता पाच ते बारा, आठही बोल्ट अलगद बसले आणि पहिले चार अडले.

मे महिन्यातला शनिवार होता. नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतल्या आमच्या शेडमध्ये संध्याकाळचे सहा वाजले तरी पत्रे तापलेलेच होते, आणि कुलर नुसती गरम हवा इकडून तिकडं करत होता. जॉब होता कोळशाच्या कन्व्हेयरच्या ड्राइव्हचं कपलिंग, दोन शाफ्ट जोडणारं. एक अर्धा भाग गिऱ्हाईकानं स्वतः आणून दिला होता, तो चांगला होता. त्याच्या जोडीचा दुसरा तुटला होता, तो आम्हाला बनवायचा होता. २२० मिलिमीटरच्या पीसीडीवर (भोकांच्या मध्यांतून जाणाऱ्या वर्तुळावर) १२ भोकं, प्रत्येक १६ मिलिमीटरचं, अचूक मापासाठी रीमर मारलेलं, आणि त्यात ग्राइंड केलेले फिट बोल्ट. अशा बोल्टांना ढिलं चालत नाही. सगळे बारा सारखा भार घेतील तरच कपलिंग टिकतं. सोमवारी सकाळी माल लागणार होता.

मशीन एचएमटीचं, जुनं व्हर्टिकल मिलिंग. माप आकड्यांत दाखवणारं डिजिटल रीडआउट नाही. त्यावर आमचं ३२० मिलिमीटरचं रोटरी टेबल, जॉब बसवून हव्या त्या कोनात फिरवायचं, दोघांनी मिळून उचलावं लागतं असं. वर्म (हँडलनं फिरणारा आट्यांचा दांडा) आणि वर्म व्हील (टेबल फिरवणारं दातेरी चाक) यांचं प्रमाण ९० ला १. म्हणजे हँडलचा एक फेरा फिरवला की टेबल ४ अंश सरकतं. १२ भोकांसाठी दर वेळी ३० अंश, म्हणजे ७ फेरे आणि वर हँडलच्या डायलवर २ अंश. पोरगासोरगाही करील असा हिशेब. मी २० वर्षं हे काम करतो आहे, हिशेब चुकला नव्हता. शेवटचं भोक झाल्यावर टेबल पुढं फिरवून पुन्हा शून्यावर आणलं होतं, आणि पहिल्या भोकात डायल, म्हणजे काट्याचं मापयंत्र, लावून बघितलं होतं. काटा हलला नव्हता. म्हणून मी निर्धास्त होतो.

कारण सापडेपर्यंत दुसरा नग मशीनवर चढवायचा नाही, एवढं मी ठरवलं. टर्निंग झालेला एक जादा नग सुदैवानं होता, पण तोही गेला असता तर सोमवार हातचा गेला असता.

भोकांमध्ये १६ च्या ग्राइंड केलेल्या पिना घातल्या आणि शेजारशेजारच्या दोन पिनांवरून मायक्रोमीटर लावत निघालो. २२० च्या पीसीडीवर १२ भोकं म्हटली की शेजारच्या दोन भोकांच्या मध्यांतलं सरळ अंतर ५६.९४ येतं, त्यात पिनेचे १६ मिळवले की ७२.९४. पहिलं माप ७२.९४. दुसरं ७२.९४. तिसरं तेच. चौथ्या आणि पाचव्या भोकांमध्ये ७२.९९. मग पुन्हा सगळी ७२.९४, आणि बाराव्या-पहिल्यात ७२.८९. एक जागा मिलिमीटरच्या ५ शतांशानं मोठी, एक तेवढीच लहान, बाकी सगळं बरोबर. कागदावर ते आकडे लिहून मी बराच वेळ बघत बसलो. हिशेबाची चूक असती तर दर भोकाला थोडी थोडी साचत गेली असती आणि सगळी शेवटच्या भोकावर येऊन पडली असती. हँडलचा फेरा मोजायला चुकलो असतो तर चूक कित्येक मिलिमीटरची असती. इथं तर चार भोकांचा एक गट आणि आठांचा दुसरा, दोन्ही आपापल्या जागी बरोबर, फक्त एकमेकांपासून कोनाच्या दीड मिनिटानं सरकलेले. ११० च्या त्रिज्येवर कोनाचं एक मिनिट, अंशाचा साठावा भाग, म्हणजे ३ शतांशाच्या थोडं वर.

काकाजींना फोन केला. ते ऑर्डनन्स फॅक्टरीतून रिटायर झालेले, जवळच राहतात, आणि मला मिलिंग त्यांनीच शिकवलं. साडेसातला स्कूटरवर आले, डोक्याला पांढरा दुपट्टा गुंडाळलेला. कागद बघितला, जॉब बघितला, सेंटरिंगबद्दल, जॉब मध्यावर बसवण्याबद्दल, विचारतील असं मला वाटलं होतं, पण ते काही विचारलंच नाही.

"हँडल कुठं जड जाते?" त्यांनी विचारलं.

मी काही बोलायच्या आत हेल्पर पोरगा बोलला, "दोनशेच्या पुढं, काकाजी. मी दादाला सांगतलं होतं."

सांगितलं होतं खरं. पंधरा दिवसांपूर्वी मला शून्याजवळ टेबल हातानं हलताना जाणवलं होतं. वर्म आणि व्हीलमध्ये प्ले, म्हणजे मोकळीक, वाढला होता. वर्मच्या बाहेरची एक्सेंट्रिक बुशी फिरवून मी वर्म आत दाबला, शून्यावर प्ले काढला आणि खूश झालो. दोन दिवसांनी पोरगा म्हणाला, दादा, दोनशेच्या पुढं हँडल जड जाऊन राहिलं. मी म्हणालो, तेल टाक. त्या पोरानं खरी बातमी आणली होती आणि मी ती ऐकली नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

काकाजींनी माझ्यावर आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाले, "वर्म कधी ढिल्या जागी ॲडजस्ट करू नको बापा. सगळ्यात जड जागा शोधायची, तिथं करायचं. बाकी जागी जो प्ले राहील तो राहू द्यायचा."

मग त्यांनी खडू मागितला. टेबलाच्या स्लॉटमध्ये एक ठोकळा बांधला, मशीनच्या बेडवर मॅग्नेट स्टँड ठेवून डायलचं टोक ठोकळ्याला टेकवलं. क्लॅम्प सोडलेले. बुशी ढिली करून २१० अंशांवर, जिथं हँडल सगळ्यात जड होतं तिथं, वर्म जेमतेम मोकळा फिरेल असा बसवला. नंतर दर ३० अंशांवर थांबून, हँडल धरून ठेवून, टेबल हातानं पुढं-मागं ढकलायचं आणि काटा किती हलतो ते टेबलाच्या कडेवर खडूनं लिहायचं. २१० वर १. १८० वर २. २४० वर १. १२० वर ३. आणि ०, ३०, ६०, ९० या चार जागी ७, ८, ८, ७. टेबलाच्या कडेवरचे ते आकडे बघताना मला आमच्या शेडची आठ वर्षं दिसली.

आम्ही आठ वर्षं एकाच गिऱ्हाईकाचे ब्रॅकेट करत होतो. त्यात पाव गोलाईची खाच असते, ९० अंशांची. कटर चालू ठेवून टेबल हळूहळू फिरवत ती कापायची. आणि सुरुवात कुठून? शून्यापासून, कारण शून्य वाचायला सोपं. हजारो ब्रॅकेट, तीच चौथाई, त्याच बाजूला फिरवत, कटरच्या दाबाखाली. व्हीलचे तेवढेच दात झिजले, आणि त्यांचीही एकच बाजू झिजली. झिजलेल्या भागात टेबल दीड मिनिट मागं राहायचं. पहिली चार भोकं सारखीच मागं राहिली, म्हणून आपसांत जुळली. पाचवं भोक चांगल्या दातांवर आलं आणि पुढं सरकलं. फेरा पूर्ण करून शून्यावर आलो तेव्हा टेबल पुन्हा त्याच झिजलेल्या दातांवर होतं, म्हणून काटा हलला नाही. मी ज्या तपासणीवर निर्धास्त झालो होतो, ती ही चूक दाखवूच शकत नव्हती.

शेठजी दारात येऊन उभे होते. म्हणाले, "भाऊ, गिऱ्हाईकाचाच अर्धा भाग वर ठेवून त्याच्याच भोकांतून रीमर मारून टाका ना." ते होण्यासारखं होतं, पण त्यात दुसऱ्याच्या चांगल्या भोकांची नासाडी झाली असती. काकाजींनी मान हलवली आणि त्याच भागाकडं बोट दाखवलं. "याच्यातून ड्रिल नको. यानं टेबल तपासू."

आधी स्पिंडलमध्ये (कटर धरून फिरवणाऱ्या दांड्यात) लिव्हर डायल धरून टेबलाच्या मधल्या बोअरमध्ये फिरवली, टेबल स्पिंडलच्या बरोबर खाली आणलं आणि दोन्ही स्लाइडचे आकडे लिहून ठेवले. मग गिऱ्हाईकाची फ्लँज पॅरलल्सवर, सारख्या उंचीच्या पट्ट्यांवर, ठेवली. आता डायल स्टँडवर स्थिर आणि टेबल फिरतं, असं करून फ्लँज टेबलाच्या मध्यावर आणली. हे दोन्ही वेगळे करायचे असतात. नवखी मुलं एकदाच करतात आणि मग सगळी भोकं एका अंगाला गेलेली सापडतात. त्यानंतर ११० मिलिमीटर सरकून पहिल्या भोकाच्या आत डायल फिरवली, काटा स्थिर होईपर्यंत टेबल हलवलं आणि हँडलची डायल शून्य केली.

नेहमीच्या दिशेनं फिरवलं. चौथ्या भोकापर्यंत काटा जागेवर. पाचव्यात डायल एका फेऱ्यात १० भाग झुलली. भोक सरकतं त्याच्या दुप्पट काटा झुलतो, म्हणजे भोक ५ शतांशानं सरकलेलं. मायक्रोमीटरनं जे सांगितलं होतं तेच.

"आता उलट्या अंगानं," काकाजी म्हणाले.

उलट फिरवताना वर्म दातांच्या दुसऱ्या बाजूला टेकतो. त्या बाजूनं आम्ही कधी कापलं नव्हतं, टेबल नुसतं रिकामं मागं आणत होतो. पोरगा टॉर्च धरून उभा, मी हँडलवर, काकाजी डायलकडं डोळे लावून. दुसरं भोक, तिसरं, चौथं. प्रत्येक वेळी ते बोटानं खूण करायचे. पाचव्यात काटा १ भाग हलला. बाराव्यापर्यंत एकाही भोकात २ च्या वर गेला नाही. म्हणजे भोक एका शतांशाच्या आत. काकाजींनी दुपट्ट्यानं तोंड पुसलं.

तेवढ्यात शेवटची मेट्रो निघून गेली होती. लोकमान्य नगर स्टेशनहून सीताबर्डीला जाणारा आमचा पोरगा म्हणाला, "राहू द्या दादा, मी थांबतो." शेठजींनी सगळ्यांसाठी पन्हं आणि पोळीभाजी मागवली.

दुसरा नग शेडबाहेर पडला होता, दिवसभर उन्हात तापलेला. तो लगेच चढवला नाही. १० अंशांच्या फरकानं २२० च्या पोलादात अडीच शतांश फरक पडतो, आणि त्यासाठीच तर आम्ही एवढे झटत होतो. टेबलाशेजारी गिऱ्हाईकाच्या फ्लँजवरच तो ठेवून दिला, दोन्हींना हात लावून गारवा सारखा वाटेपर्यंत. साडेदहाला काम सुरू केलं.

घाई केली नाही. प्रत्येक भोकासाठी टेबल आधी आकड्याच्या पुढं नेऊन मग उलट्या दिशेनंच आकड्यावर आणायचं. आकडा आधीच्या भोकावरून मोजायचा नाही, पहिल्या शून्यापासून मोजून कागदावर लिहिलेला वाचायचा. दोन्ही क्लॅम्प एकदम आवळायचे नाहीत, एक थोडा, दुसरा थोडा, कारण एक क्लॅम्प पूर्ण आवळला की टेबल किंचित वळतं. ते वळलेलं डोळ्याला दिसत नाही, म्हणून कडेवर डायल लावूनच ठेवली होती. सेंटर ड्रिल, मग १५.७ चं ड्रिल, मग रीमर. रीमरच्या वेळी तेल भरपूर. पोरगा ब्रशनं चिप्स काढत होता. हवेचा पाइप मी लपवून ठेवला होता, कारण हवा मारली की बारीक बुरादा टेबलाच्या खालच्या फटीत शिरतो आणि तिथून वर्मपर्यंत जातो.

पहाटे दोनला बारावं भोक झालं. पिना घातल्या. ७२.९४, ७२.९४, ७२.९५, ७२.९४. बाराव्या-पहिल्यात ७२.९४. मग गिऱ्हाईकाचा अर्धा भाग वर ठेवला आणि पहिला बोल्ट काकाजींच्या हातात दिला. अंगठ्यानं दाबला, गेला. पुढचे अकराही तसेच गेले. पाचवा पोरानं बसवला.

पुढच्या रविवारी टेबल उघडलं. तेल काळं झालं होतं आणि टॉर्चच्या उजेडात त्यात सोन्याच्या भुकटीसारखी चमक होती. तो व्हीलच्या ब्राँझचा कीस होता, आमच्या आठ वर्षांच्या ब्रॅकेटांचा. व्हील डिझेलनं धुतलं. चौथाईतल्या दातांच्या एका बाजूला नखानं जाणवेल अशी कड आली होती, समोरच्या बाजूच्या दातांवर मूळचे टूलमार्क अजून दिसत होते. व्हील टेबलापासून सोडवून १८० अंश फिरवून पुन्हा बसवलं. ४५ दात बरोबर जातात, त्यामुळं डायलचा हिशेब बदलत नाही. पण ते नुसतं बोल्ट आवळून होत नाही. डायल लावून व्हील मध्यावर येईपर्यंत रविवारची दुपार गेली. झीज गेली नाही, ती आता १८० ते २७० मध्ये आहे, आणि टेबलाच्या कडेवर ती जागा लाल रंगानं दाखवली आहे. तेल ६८ नंबरचं नवीन भरलं, काचेच्या निम्म्यापर्यंत. वर्म सगळ्यात जड जागी ॲडजस्ट केला. ती जागा आता ३० अंशांवर आहे.

मशीनशेजारच्या पत्र्यावर पोरानं ऑइल पेंटनं १२ आकडे लिहिले आहेत, दर ३० अंशांवरचा प्ले, आणि खाली तारीख. दर तीन महिन्यांनी तो स्वतः मोजतो आणि शेजारी नवा रकाना लिहितो. ब्रॅकेट आम्ही अजून करतो. आता महिनाभर ३० पासून, पुढचा महिना १२० पासून. परवा तो आकडे लिहिता लिहिता थांबला आणि म्हणाला, "दादा, तीनशेवर २ चे ३ झाले." मी हातातलं काम ठेवलं आणि बघायला गेलो.