पहिले चलान: भरायचे की हरकत घ्यायची?

अतिवेगाचे पहिले चलान आले की घरोघरी दोनच मते निघतात. एक पक्ष म्हणतो की दोन हजारांसाठी कोण डोके लावणार, भरा आणि मोकळे व्हा. दुसरा म्हणतो की मुळीच भरू नका, लोकअदालतीत निम्म्यात सुटते, नाहीतर पुढे कोणी विचारतही नाही. आमच्याकडेही तेच झाले. गाडी माझ्या नावावर असल्यामुळे संदेश माझ्या मोबाईलवर आला, चालवत होता भाचा, आणि चलान होते मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरच्या बोरघाटातले. भाचा पहिल्या पक्षाचा, त्याचे वडील दुसऱ्या पक्षाचे. मला दोन्ही मते घाईची वाटली, कारण दोघेही फक्त पैशाचा विचार करत होते आणि चलानात नेमके काय लिहिले आहे ते दोघांनीही उघडून पाहिलेले नव्हते.

उघडून पाहायचे म्हणजे संदेशातल्या दुव्यावर बोट ठेवायचे, असे मात्र नव्हे. ई-चलानाच्या नावाखाली व्हॉट्सॲपवर एपीके फाईल (उघडली की मोबाईलमध्ये ॲप बसवणारी फाईल) पाठवून बँकखाते रिकामे करण्याचे प्रकार आता इतके झाले आहेत की आलेला प्रत्येक संदेश आधी खोटाच समजलेला बरा. महाराष्ट्रातील चलान पाहण्यासाठी वाहतूक पोलिसांचे महाट्रॅफिक ई-चलान हे सरकारी संकेतस्थळ आहे. पत्ता स्वतः टाइप करायचा, गाडीचा क्रमांक आणि चासी किंवा इंजिन क्रमांकाचे शेवटचे चार आकडे भरायचे, की गाडीवरची सगळी चलाने समोर येतात. तिथे चलान दिसले नाही, तर संदेश पुसून टाकावा. आमचे दिसले. छायाचित्रात गाडी आमचीच होती, नंबरप्लेट स्वच्छ वाचता येत होती, मागच्या काचेवरचा सोसायटीच्या पार्किंगचा गोल स्टिकरसुद्धा ओळखू येत होता. खाली स्थळ, तारीख, वेळ, मर्यादा ताशी ६० किलोमीटर आणि नोंदलेला वेग ८३.

भाच्याचा पहिला प्रश्न रास्त होता. ‘‘मावशी, एक्सप्रेस वेवर शंभरची परवानगी आहे ना? मग ८३ ला दंड कसा?’’ केंद्र सरकारने २०१८ मध्ये द्रुतगती मार्गांवर मोटारींसाठी ताशी १२० किलोमीटरची कमाल मर्यादा ठरवली, हे खरे. पण ती कमाल आहे, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ११२ नुसार राज्य सरकारला एखाद्या रस्त्यापुरती किंवा टप्प्यापुरती ती कमी करता येते. म्हणूनच याच रस्त्यावर सपाटीला मोटारींची मर्यादा १०० आहे आणि घाटात ती आणखी खाली येते. खंडाळ्याकडून खोपोलीच्या दिशेने उतरताना पाय ॲक्सिलरेटरवर नसला तरी गाडी आपोआप वेग घेते, शेजारच्या मार्गिकेत ब्रेक तापलेला मालट्रक असतो आणि पुढचे वळण दिसत नाही. त्या उतारावर साठची मर्यादा घालणाऱ्याने रस्ता पाहून ती घातली असणार, असे माझे मत आहे. भाच्याचे मत वेगळे आहे आणि ते त्याने अजून सोडलेले नाही.

आता पैशाच्या पलीकडची गोष्ट. कलम १८३ नुसार हलक्या मोटार वाहनाला अतिवेगासाठी एक ते दोन हजार रुपये आणि मध्यम किंवा जड प्रवासी व मालवाहू वाहनांना दोन ते चार हजार रुपये दंड होऊ शकतो. तोच गुन्हा पुन्हा घडला, तर लायसन जप्त करण्याची तरतूद आहे. आपण संकेतस्थळावर जी रक्कम भरतो ती तांत्रिकदृष्ट्या न्यायालयाने केलेला दंड नसते, तर कलम २०० खालचे तडजोड शुल्क, म्हणजे खटला न चालवता प्रकरण मिटवण्याची रक्कम असते. लोकांचा समज असा की तडजोड झाली म्हणजे पाटी कोरी झाली. २०१९ च्या दुरुस्तीने नेमका हाच समज मोडीत काढला आहे. पैसे भरून तडजोड केली तरी तो गुन्हा ‘आधी घडलेला’ म्हणूनच धरला जाईल आणि पुढच्या वेळी दुसरा गुन्हा ठरवताना मोजला जाईल, असे त्या कलमात आता स्पष्ट लिहिले आहे. म्हणजे ‘भरा आणि मोकळे व्हा’ या वाक्यातला पहिला भाग सोपा आहे, दुसरा खरा नाही. चलान चुकीचे असेल, तर ते निमूटपणे भरणे हा दोन हजारांपेक्षा महागाचा व्यवहार ठरू शकतो. विशेषतः ज्याचे पोट गाडी चालवण्यावर आहे, त्याच्यासाठी.

त्यामुळे खरा प्रश्न एवढाच उरतो की हे चलान चुकीचे आहे का. चुकीचे म्हणजे अन्यायाचे वाटणारे नव्हे, कागदावर चुकीचे. आमच्या इमारतीतल्या एका काकांच्या स्कूटरवर एकदा द्रुतगती मार्गावरच्या अतिवेगाचे चलान आले होते. त्या मार्गावर दुचाकीला मुळात प्रवेशच नाही. छायाचित्र उघडले तर पांढरी मोटार, आणि तिच्या नंबरप्लेटवरचे एक अक्षर यंत्राने वेगळे वाचलेले. काकांनी संकेतस्थळावरच्या तक्रारीच्या सोयीतून आरसीची (वाहन नोंदणी प्रमाणपत्राची) प्रत, स्कूटरचा पुढून-मागून काढलेला फोटो आणि चार ओळींचे सभ्य पत्र जोडले, आणि चलान रद्द झाले. त्या पत्रात ‘मी ज्येष्ठ नागरिक आहे’ किंवा ‘माझ्यावर अन्याय झाला आहे’ असे काहीही नव्हते. फक्त वाहनाचा प्रकार जुळत नाही, एवढेच होते. हरकत अशी असावी.

नंबरप्लेट नीट वाचता येत नसेल, एकाच छायाचित्रात दोन गाड्या असून वेग कोणाचा ते कळत नसेल, मोटारीला जड वाहनाची मर्यादा लावलेली असेल, लिहिलेले स्थळ आणि तिथली मर्यादा यांचा मेळ बसत नसेल, किंवा गाडी त्या तारखेच्या आधीच विकून नावावरून उतरलेली असेल, तर हरकत घ्यायलाच हवी. यांमागे नियमांचा आधारही आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत ऑगस्ट २०२१ मध्ये १६७ अ हा नियम आला. त्यानुसार वेग टिपणाऱ्या कॅमेऱ्यासारख्या यंत्राला राज्याने नेमलेल्या प्राधिकरणाचे प्रमाणपत्र लागते आणि त्याचे दरवर्षी नूतनीकरण व्हावे लागते. कॅमेऱ्याची देखरेख असलेल्या टप्प्याआधी ठळक सूचनाफलक असावा लागतो. चलानात गुन्हा आणि नंबरप्लेट दाखवणारे स्पष्ट छायाचित्र, यंत्राचे मोजमाप, तारीख, वेळ व स्थळ आणि लावलेले कलम असावे लागते. आणि गुन्ह्यानंतर पंधरा दिवसांच्या आत सूचना पाठवावी लागते. मूळ कायद्यातही दोन जुनी कलमे वाहनचालकाच्या बाजूची आहेत. कलम १८३ मध्येच म्हटले आहे की एकट्या साक्षीदाराच्या ‘मला वेग जास्त वाटला’ एवढ्या मतावर कोणाला दोषी धरता येत नाही, त्यामागे यांत्रिक किंवा इलेक्ट्रॉनिक उपकरणाचे मोजमाप हवे. कलम २०९ म्हणते की अतिवेगाबद्दल दोषी ठरवायचे, तर जागेवरच तशी ताकीद दिलेली हवी, किंवा चौदा दिवसांत नोटीस पाठवलेली किंवा बजावलेली हवी, किंवा अठ्ठावीस दिवसांत समन्स बजावलेले हवे.

हे शेवटचे कलम वाचून भाच्याच्या वडिलांना एकदम हुरूप आला. ‘‘बघ, तारीख मोज. उशीर झाला असेल तर प्रश्नच मिटला.’’ तारीख मोजली. संदेश वेळेत होता. पण नसता, तरी उड्या मारण्यात अर्थ नव्हता, कारण त्याच कलमात अपवाद आहे: मालकाचे नाव-पत्ता पुरेशी खटपट करूनही वेळेत कळू शकला नाही, किंवा उशिराला आरोपीचे स्वतःचे वागणे कारणीभूत झाले, तर हा बचाव चालत नाही. आरसीवर दहा वर्षांपूर्वीचा मोबाईल क्रमांक आणि सोडलेल्या भाड्याच्या घराचा पत्ता ठेवणाऱ्यांनी ‘आम्हाला कळलेच नाही’ म्हणताना हा अपवाद लक्षात ठेवावा.

आता जी कारणे चालत नाहीत त्यांकडे वळते, कारण आमच्या घरातली बहुतेक चर्चा याच कारणांवर खर्च झाली. ‘सगळेच त्या वेगाने चालले होते’ हे खरे असू शकते, पण ते उत्तर नव्हे. दुसऱ्याचे चलान झाले नाही म्हणून आपले रद्द होत नाही. ‘माझ्या स्पीडोमीटरवर तर पंच्याहत्तरच होते’ हे तर उलट अंगाशी येते. पंच्याहत्तरही साठच्या वरच असते, हे एक. आणि मोटारींचे स्पीडोमीटर असे बसवलेले असतात की ते खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवणार नाहीत, जरा जास्तच दाखवतील, त्यामुळे यंत्राने ८३ नोंदवले असताना पंच्याहत्तरची आठवण फारशी टिकत नाही. स्पीड गनच्या कोनाचा मुद्दाही आंतरजालावर फार फिरतो. रस्त्याकडेला उभ्या असलेल्या यंत्राची दिशा गाडीच्या मार्गाशी तिरपी असेल, तर मोजलेला वेग खऱ्यापेक्षा कमी येतो, जास्त नव्हे. म्हणजे तो कोन आपल्याच फायद्याचा असतो. फास्टॅगच्या वेळांवरून काढलेला सरासरी वेगही कामाचा नाही, कारण दोन टोलनाक्यांमधली सरासरी कितीही साधी निघाली, तरी एका वळणावरचा वेग तिच्यामुळे खोटा ठरत नाही. मधे वडापावसाठी थांबलेला वेळही त्या सरासरीत जमा असतोच!

यंत्राच्या अचूकतेवर शंका घ्यायची, तर ती यंत्राच्या कागदांवर घ्यावी: प्रमाणपत्र चालू होते का, पडताळणी केव्हा झाली. रडारवर चालणाऱ्या वेगमापकांना वैधमापन कायद्याखालच्या नियमांनुसार पडताळणी आणि मुद्रांकन लागू करण्याचे पाऊल २०२५ मध्ये उचलले गेले, हे त्या दृष्टीने चांगलेच झाले. वाण्याच्या तराजूला शिक्का लागतो, मग दंड मोजणाऱ्या यंत्राला का नको? मात्र हा मुद्दा न्यायालयात मांडायचा तर तारखांना हजर राहावे लागते, बहुधा वकीलही लागतो. हरकत नाकारली गेली आणि तरीही आपण ठाम असू, तर तोच रस्ता उरतो. पहिल्याच चलानासाठी तो धरावा का, याचे माझे उत्तर असे की चूक कागदावर दाखवता येत असेल आणि लायसनवर पोट असेल, तर जरूर धरावा. केवळ राग असेल तर धरू नये.

लोकअदालतीविषयी भाच्याच्या वडिलांशी माझे अजूनही पटलेले नाही. प्रलंबित चलानांच्या नोटिसा राष्ट्रीय लोकअदालतीआधी निघतात आणि तिथे तडजोडी होतात, हे खरे. पण तिथे सवलत हा कोणाचा हक्क नसतो, ‘सरसकट निम्मे माफ’ हे दर काही महिन्यांनी फिरणारे संदेश त्या भरवशाने वाचू नयेत, आणि तिथे झालेल्या निवाड्यावर अपील नसते. चलान चुकीचे आहे असे वाटणाऱ्याने तर तिथे जाऊच नये, कारण तिथे बरोबर-चूक ठरत नाही, रक्कम ठरते. आणि ‘कोणी विचारत नाही’ म्हणणाऱ्यांना गाडी विकायच्या वेळी विचारणारे भेटतात. घेणारा सगळ्यात आधी गाडीचा क्रमांक टाकून थकीत चलानेच पाहतो.

आमच्या बाबतीत मग काय उरले? गाडी आमची, छायाचित्र स्पष्ट, कलम बरोबर, सूचना वेळेत. फलकाविषयी भाच्याची तक्रार होती की ट्रकच्या आड तो दिसला नाही. पुढच्या खेपेला मी शेजारी बसून मुद्दाम पाहिले, तर घाट सुरू होण्याआधी मर्यादेचे फलक होते आणि कॅमेऱ्याची सूचनाही होती. हरकतीला जागा नव्हती. एक प्रश्न मात्र मला दंडापेक्षा महत्त्वाचा वाटला: हा पहिला गुन्हा कोणाचा? चलान गाडीवर येते आणि गाडी माझी आहे. पोलिसांनी विचारल्यास चालकाचे नाव-पत्ता सांगणे कलम १३३ नुसार मालकावर बंधनकारक आहे, त्यामुळे विचारणा झाली तर खरे नाव देईन, हे मी भाच्याला भरण्याआधीच सांगितले. त्याला ते फारसे रुचले नाही. ‘‘मावशी, तू पण ना!’’ एवढेच म्हणाला. पण पैसे त्याने स्वतःच्या खात्यातून भरले, आणि ते मी भरू दिले.

भरल्यावर लगेच ‘थकीत’ हा शेरा हटला नाही, म्हणून व्यवहार क्रमांक जपून ठेवला आणि शेरा बदलल्यावर पावती उतरवून चलानाच्या छायाचित्रासकट आरसी आणि विम्याच्या कागदांबरोबर लावून ठेवली आहे. गाडी आता भाच्याच्या हाती जास्त असते, तेव्हा पुढच्या महिन्यात तिच्या हस्तांतराचे कागद आरटीओत द्यायचे ठरले आहे.