आतून तापलेल्या गुंडाळ्या

ट्रकवरची ताडपत्री दूर झाल्यावर मी सवयीने रचलेल्या गुंडाळ्यांच्या मधोमध हात घातला आणि तो तसाच मागे घेतला, कारण आत ताज्या शेणखताच्या ढिगात असते तशी ऊब होती आणि आंबूस वासही येत होता. हिरवळीच्या या गाद्या, म्हणजे मुळांखालच्या मातीच्या पातळ थरासकट कापून गुंडाळलेले गवत, आदल्या दिवशी दुपारी कापल्या होत्या आणि पहाटे पोहोचायला हव्या होत्या. त्या आल्या भर दुपारी. कापलेले गवत श्वास घेतच राहते आणि गुंडाळीत कोंडलेली उष्णता बाहेर पडत नाही, म्हणून उन्हाळ्यात ते 24 तासांच्या आत अंथरावेच लागते. पुरवठादाराला हे ठाऊक नसेल असे मला वाटत नाही. त्याने ट्रक पूर्ण भरण्यासाठी वाट पाहिली.

जमिनीच्या तयारीत मी कोठेही कसर ठेवली नव्हती. 15 सेंटीमीटर खोल खणून बांधकामाचा राडारोडा वेचला होता, कुजलेले खत मिसळले होते आणि गादी बसल्यावर ती फरशीशी सपाट यावी म्हणून कडेची पातळी अडीच सेंटीमीटर खाली ठेवली होती. जागेवर दिवसभर ऊन होते, म्हणून हरळीची निवडही योग्यच होती. रोज सहा तास ऊन मिळत नसेल, तर मी हरळी सुचवतच नाही. मालकांकडे दहा दिवसांनी समारंभ होता आणि अंथरले की लॉन तयार, अशी त्यांची समजूत होती. ही समजूत मला जवळजवळ प्रत्येक घरी भेटते.

माल परत पाठवायला हवा होता, पण मी तो उतरवून घेतला. विटांच्या बांधकामासारखे सांधे चुकवत, गादी न ताणता (ताणलेली गादी वाळताना आखडते आणि सांधे उघडे पडतात) एकेक ओळ बसवली, प्रत्येक ओळीवर लगेच पाणी सोडले आणि शेवटी रूळ फिरवला. काम संपायला अंधार पडला.

चौदाव्या दिवशी कोपरे उचलून पाहिले. ट्रकच्या कडेच्या गुंडाळ्यांतील गवताने माती घट्ट धरली होती; गाभ्यातील गाद्या मात्र सहज हातात आल्या, खाली एकही पांढरे मूळ नव्हते. त्या मी स्वखर्चाने बदलल्या.

गाभ्यातल्याच दोन गाद्या मात्र तगल्या होत्या. मजूर जेवायला बसले असताना गवत किती पिवळे पडले आहे ते पाहण्यासाठी मी त्या दोन झाडाच्या सावलीत उलगडून ठेवल्या होत्या आणि त्यांची पाळी संध्याकाळी आली होती. बाकीच्या गुंडाळ्या मात्र, ओळीचा क्रम चुकू नये म्हणून, मीच तशाच रचून ठेवायला सांगितले होते. त्या दुपारी सावली पुरेशी होती आणि सगळ्या उलगडायला अर्धा तास लागला असता.