‘तिंग काङ’ की ‘थै काङ’? कँटनीजमधली बदली

हाँगकाँगच्या कामापुरती कँटनीज शिकताना आकडे, वेळ, नमस्कार पटकन जमले. अडलं एकाच जागी: दुसऱ्याची पाळी आपण केली, तर म्हणायचं काय?

वर्गाच्या टिपणांत त्यासाठी एकच शब्द, ‘तोइ६ पान१’. (पुढचा आकडा सुराचा: १ उंच, २ चढता, ३ मधला, ६ खालचा.) तो समजतो सगळ्यांना, पण तिथे पाळीला ‘काङ१’ म्हणतात. मूळ अर्थ रात्रीचा प्रहर. जुन्या चीनमध्ये रात्रीचे पाच ‘काङ’ मोजत. तेच अक्षर ऱ्हस्व ‘कङ३’ वाचलं की अर्थ होतो ‘अधिक’.

या ‘काङ’च्या आधी लागणारी क्रियापदं तीन, आणि टिपणांत त्यांचा पत्ताच नाही. ‘तिंग२ काङ१’: सहकारी आला नाही, त्याची पाळी तुम्ही ओढलीत. ‘तिउ६ काङ१’: अदलाबदल, आज त्याची मी, परवा माझी तो. ‘थै३ काङ१’: रजेवरच्यांच्या जागी उभं राहणं हेच ज्याचं काम, तो. सुरक्षारक्षकांच्या नोकरीच्या जाहिरातींत हाच शब्द असतो. आपल्या गिरण्यांतला ‘बदली’ तो हाच. ‘तिउ’च्या जागी ‘तिंग’ म्हणालात, तर परतफेड मागायची राहूनच जाते. आणि ‘थै’चा सूर चढवलात तर ‘थै२ काङ१’, म्हणजे इमारतीचा राखणदार!

माझे सर्वांत जास्त दिवस खाल्ले ते रोमन स्पेलिंगने. ज्युत्पिंग, म्हणजे कँटनीज रोमन अक्षरांत लिहायची पद्धत, तिच्यातला ‘डी’ म्हणजे आपला त, ‘टी’ म्हणजे थ, ‘जी’ म्हणजे क, ‘बी’ म्हणजे प. त-थ, क-ख हा फरक मराठी कानाला जन्मापासून येतो. पहिल्याच दिवशी एवढं सांगायला काय हरकत होती? देवनागरीत लिहून घ्या, निम्मा त्रास तिथेच संपतो.

सरकारी कचेरीत वरच्या पदाचा तात्पुरता कार्यभार घेतला, तर तिथे ‘तिंग’ चालत नाही. ‘छ्यू५ यम६’ म्हणायचं (५ म्हणजे खालून थोडा चढणारा सूर). दुसऱ्याचं अर्धवट काम निस्तरणं ‘चप१ सौ२ मेइ५’, च चमच्यातला. दुसऱ्याचा दोष अंगावर घेणं ‘मे१ वोक६’, शब्दशः कढई पाठीवर घेणं. बदलीवर असताना हे दोन्ही कानावर पडतात.

विनंतीचं वाक्य पाठच करा: ‘नेइ५ हो२ म४ हो२ यि५ पोंग१ ङो५ तिंग२ यत१ काङ१?’ माझी एक पाळी करशील का? इथला ४ सगळ्यांत खाली उतरतो. ‘ङो’चा ङ जमला नाही तर नुसतं ‘ओ’ म्हणा, तिथलेही बरेच जण तसंच म्हणतात.