नऊ माणसं इकडं, आठ तिकडं

कोल्हापुरात इतिहासाचा माणूस म्हटलं की लोक थेट पन्हाळ्यावर पोचतात. मग मी सांगतो, माझा विषय लहान कारखाने, दुकानं आणि त्यांच्याबद्दलचं सरकारी धोरण. समोरचा थोडा थांबतो आणि विचारतो, "सर, ह्यात इतिहास कसला? आणि ह्याच्यावर पोट चालतं का?" परवा एका विद्यार्थिनीनं हेच विचारलं. तिला एम.ए.नंतर काय करायचं ते ठरवायचं होतं, म्हणून जरा बैजवार सांगतो.

उद्यमनगरात आमचं शेड होतं, वडील आणि थोरले आण्णा दोघांचं. ऑइल इंजिनांचे सुटे भाग व्हायचे. शेडच्या मधोमध विटांची एक भिंत होती. पुढं दोन दारं, दोन पाट्या, विजेचे दोन मीटर. एक पाटी आजोबांच्या नावाची, दुसरी काकीच्या. काकी शेडवर यायची ती फक्त खंडेनवमीला, लेथला हळदकुंकू वाहायला. भिंतीला मागच्या अंगाला एक चौकट होती, तिला फळी कधी बसवलीच नाही. तिथून कास्टिंगची, म्हणजे ओतीव भागांची, घमेली जायची, चहाची किटली जायची, मी जायचो. चौकट ठेवायचीच होती तर भिंत बांधली कशाला, हे मला लहानपणी कळायचं नाही. विचारलं तर आण्णा म्हणायचे, "आसू दे रे, लागती."

उत्तर सापडलं एम.ए. झाल्यावर, 1948च्या कारखाने अधिनियमात. वीज वापरणाऱ्या जागेत 10 माणसं कामाला असली की त्या कायद्यानं तो कारखाना ठरायचा. मग नोंदणी आली, हजेरीचं मस्टर आलं, इन्स्पेक्टर आला, कामाचे तास आणि भरपगारी रजा आली. आमच्याकडं नऊ माणसं इकडं, आठ तिकडं. त्या भिंतीनं आमचं शेड तगलं, आणि त्याच भिंतीनं सतरा माणसांची हक्काची रजा बुडवली. त्यातल्या कित्येकांच्या खांद्यावर मी खेळलोय. हे लिहिताना मला घरच्यांची बाजू घेता येत नाही, आणि त्यांना खलनायकही करता येत नाही. ह्या कामातली सगळ्यात अवघड गोष्ट ती.

पुढं जिथं बघावं तिथं मला तीच भिंत दिसायला लागली. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग 1904 साली आला. स्वातंत्र्यानंतर मागांची संख्या वाढत गेली, तेव्हा एके काळी चार मागांपर्यंतच्या युनिटला अबकारी कर माफ होता. घरात सोळा माग असले तर कागदावर चार भावांचे चार-चार. सरकारनं रेघ ओढली की माणसं घर, नाती, नावं सगळं त्या रेघेच्या अलीकडं बसवून घेतात. धोरणाच्या पुस्तकात रेघ दिसते. ही बसवाबसव दिसते ती पाट्यांवर, वीजबिलांवर आणि वह्यांत.

बरं, ती रेघही एका जागी नाही. 1955च्या सुमारास लघुउद्योग म्हणजे पाच लाखांपर्यंत भांडवल आणि वीज असेल तर पन्नासच्या आत कामगार. 1966ला यंत्रसामग्री साडेसात लाखांपर्यंत, 1991ला 60 लाख, 1997ला एकदम तीन कोटी आणि दोनच वर्षांत परत एक कोटी. 1 एप्रिल 2025पासून 'लघु'ची मर्यादा 25 कोटी गुंतवणूक आणि 100 कोटी उलाढाल. शब्द तोच, वस्तू वेगळी. म्हणून 'लघुउद्योग इतके वाढले' असं कुठं वाचलं की मी आधी त्या साली लघु कशाला म्हणत होते ते काढतो. निम्मे वाद तिथंच मिटतात.

राखीव वस्तूंचंही तसंच. 1967ला 47 वस्तू फक्त लहान उद्योगांसाठी राखून ठेवल्या, यादी वाढत आठशेच्या वर गेली, शेवटच्या वीस वस्तू 2015ला काढल्या. चामडी पादत्राणं त्यातून 2001लाच बाहेर पडली. आणि 2019ला कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं. अठरा वर्षं आधी जिच्यावरचं छत्र काढलं, तिलाच नावाचं छत्र. मधल्या काळात चपलेच्या गल्लीत काय झालं, ह्याचा कागद मला अजून नीट जुळवता आलेला नाही. ते काम बाकी आहे.

ह्यात इतिहास कसला, तर दुसऱ्या एका कारखान्याच्या वहीचं सांगतो. साठच्या दशकातली, लाल कापडाच्या बांधणीची, पहिल्या पानावर 'श्री' आणि कुंकवाचं बोट. तेव्हा लोखंडावर सरकारी नियंत्रण होतं, परमिटाशिवाय माल मिळायचा नाही. सरकारी फायलीत त्या कारखान्याच्या अर्जाची एक ओळ मिळते: अर्ज आला, निकाली निघाला. वहीत त्याच चार महिन्यांत तीन वेळा खर्च पडलाय, 'मुंबई परमिट, जाणे-येणे'. तिसऱ्या खेपेच्या पुढं 'भट्टी बंद, पगार निम्मा'. दोन्ही कागद शेजारी ठेवले तेव्हा मला त्या एका ओळीची किंमत कळली.

आता पोटाचं. सात वर्षं मी एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवलं. मानधन वर्षातून दोनदा यायचं, तेही उशिरा. रात्री चुलतभावाच्या शेडचे हिशेब लिहून घर चालवलं. ती वर्षं वाईट होती. पण कीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, कशी वाचायची, नावे-जमा कुठं फिरवतात, उधारी कुठल्या नावाखाली लपते, हे मी तिथं शिकलो. नंतर कायम जागा मिळाली. ती सगळ्यांना मिळतेच असं नाही, हे त्या विद्यार्थिनीला मी स्पष्ट सांगितलं. येणार असशील तर जमाखर्च शीक आणि मोडी शीक, हेही सांगितलं. शाहू महाराजांनी 1895ला शाहूपुरीची पेठ वसवली. तिथपर्यंत मागं जायचं तर मोडीवाचून गत्यंतर नाही, आणि व्यापाऱ्याला राज्यकर्ता कसा बोलावतो, काय देतो, हे बघायला त्या पेठेसारखी जागा नाही.

आणि घाई कर, म्हणालो. एका सरकारी कार्यालयात मी जुनी नोंदणी रजिस्टरं मागायला गेलो तेव्हा ती दोन वर्षांपूर्वीच रद्दीत गेली होती. घरांत तर दर दिवाळीच्या साफसफाईत माळे रिकामे होतात. आमच्या शेडची 1972च्या आधीची एकही वही उरलेली नाही.

येत्या रविवारी शिरोलीतल्या एका जुन्या फौंड्रीचा माळा उतरवायचाय. मालकीणबाईंनी फोन केला, "पोती भरून कागद हायत, वाळवी लागायच्या आत न्या." त्या मुलीला विचारलंय. मऊ ब्रश आणि तोंडाला बांधायला रुमाल घेऊन सकाळी आठला येते म्हणाली.