वाकडे शब्द

"ह्ये शब्द असे वाकडे कित्याक गो?"

माझ्या कथेचं प्रूफ आईच्या हातात होतं आणि तिचं बोट खळं या शब्दावर टेकलेलं.

खळं, मांगर, चूड, पेज. मालवणी शब्द तेवढे इटॅलिक, म्हणजे तिरके होऊन आले होते. वाचक अडखळू नये हा हेतू, तो मला कळतो. पण त्याच पानावर मोबाईल, टेबल, स्टेशन ताठ उभे! परका कोण ठरला मग?

रोमन लिपीत हे तिरकं वळण हस्ताक्षरातून आलं. १५०१ साली व्हेनिसमध्ये आल्डस मॅन्युशियस या मुद्रकानं त्यात अख्खं पुस्तक छापलं. आपल्या देवनागरीत तशी परंपराच नाही. कॉम्प्युटर सरळ अक्षर नुसतं ढकलतो. शिरोरेघ जागच्या जागी, काना मात्र कलंडलेला. आईला ते खुपलं.

रात्री बसून सगळे शब्द सरळ करायच्या खुणा केल्या. एक मांगर तेवढा तिरका ठेवला. कथेतली मुंबईहून आलेली नात तो पहिल्यांदा ऐकते, तिच्या कानाला तो खरंच वेगळा लागतो.

तुम्हाला वाचताना काय वाटतं? अनोळखी शब्दाला खूण हवी, की तो वाक्यातूनच उमगू द्यावा?